पाठमोऱ्या बाई

तिसरीच्या वर्गाच्या बाईंना मुलं आपापसांत 'पाठमोऱ्या बाई' म्हणत आणि ते बाईंच्या कानावर आलेलं होतं. शिक्षकाच्या नोकरीत ज्याला टोपणनाव पडत नाही तो एकतर कालच रुजू झालेला असतो, नाहीतर मुलांच्या खिजगणतीत नसतो. शेजारच्या वर्गातल्या सरांना मुलं 'गंजका खिळा' म्हणत. त्या मानाने बाई स्वस्तात सुटल्या होत्या.

हे नाव पडलं ते त्यांच्या पद्धतीमुळे. वर्गात कोणी दंगा सुरू केला, की बाई एक अक्षर न बोलता फळ्याकडे वळत, खडू उचलत आणि लिहायला लागत. बाईंची पाठ दिसली की बाकीच्यांनी माना खाली घालायच्या आणि हातातलं काम चालू ठेवायचं, असा नियम होता. दंगा करणाऱ्याकडे बघायचं नाही, हसायचं नाही, 'बाई, हा बघा ना' म्हणून चहाडी करायची नाही. दंगेखोर थोडा वेळ एकटाच उड्या मारायचा आणि मग कंटाळून जागेवर बसायचा. बघायलाच कोणी नाही म्हटल्यावर माकडचेष्टा करायच्या तरी कोणासाठी?

बाई जन्मजात शांत होत्या असं मात्र कोणी समजू नये. नोकरीच्या सुरुवातीला त्या हातात लाकडी पट्टी घेऊनच वर्गात शिरत. पुढे मारायला बंदी आली, तेव्हा पट्टी कपाटात गेली आणि बाईंचा आवाज बाहेर आला. तो असा, की खालच्या मजल्यावरची पहिलीतली पोरंसुद्धा दचकून पाढे बरोबर म्हणायला लागत. काही वर्षांनी घशाने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, "ओरडणं सोडा, नाहीतर नोकरी सोडा." घरी नवऱ्याचं पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं, ते उन्हाळ्यात चाले आणि एरवी नुसतं उघडं असे. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. नोकरी सोडणं बाईंना परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी ओरडणं सोडलं.

मग वर्गाने त्यांच्या नाकी नऊ आणले. चाळीस पोरं, एक बसलेला घसा आणि वर अभ्यासक्रमाची टांगती तलवार. अशात एकदा सगळ्या शिक्षकांना प्रशिक्षणाला बसवलं. शिकवणारा तरुण बाईंच्या मुलाच्या वयाचा वाटावा असा होता, बाईंना मूल असतं तर. तो म्हणाला, "वाईट वागण्याला तुम्ही लक्ष देता, म्हणून ते वाढतं. रागावणं हेही लक्षच. दुर्लक्ष करून बघा." मागच्या रांगेतले शिक्षक चहा कधी येतो याची वाट बघत होते, बाई मात्र सावरून बसल्या. त्याने आणखीही एक सांगितलं होतं. तेच मूल शांत बसलं असेल तेव्हा त्याच्याकडे दुप्पट बघा, त्याच्याजवळ जा, त्याच्याशी बोला, नाहीतर या पद्धतीचा उपयोग नाही. बाईंनी तेही ऐकलं होतं आणि मानसुद्धा डोलावली होती.

पण चाळिसांच्या वर्गात शांत मुलाकडे बघतं कोण? शांत मूल म्हणजे बाईंना मिळालेली उसंत. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या कच्च्या मुलांचं वाचन घ्यायचं, वह्या तपासायच्या, एक घोट पाणी प्यायचं. पद्धतीचा पहिला अर्धा भाग बाईंनी उचलला आणि दुसरा राहून गेला. आणि अर्ध्या पद्धतीनेही वर्ग गप्प झाला, हेच खरं दुर्दैव. ती फसली असती तर बाईंनी ती कधीच सोडून दिली असती.

त्या वर्षी वर्गात एक नवीन मुलगी आली. आल्याच दिवशी तिचं नाव 'भोंगा' पडलं. तिचा आवाज कारखान्याची पाळी सुटल्यासारखा निघे. उत्तर येत असलं तरी ओरडून, येत नसलं तरी ओरडून. पेन्सिल मोडली की ओरडायची, शेजारणीने खोडरबर दिला नाही की बाकाखाली शिरून सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायची आणि तिथूनही ओरडायची. शिपाईकाका म्हणत, "या पोरीला घंटेच्या जागी टांगा, माझा हात तरी दुखायचा वाचेल."

ती अशी का, हे कळायला तिच्या घरी जायला हवं होतं. आई नव्हती. वडील लेथवर काम करत आणि त्यांचा कारखाना म्हणजे घराखालचीच खोली. सकाळपासून अंधार पडेपर्यंत खाली लोखंड कातलं जाई आणि वर भांडी थरथरत. त्या घरात हळू बोललेलं कोणाला ऐकूच जात नसे. पाणी हवं तरी ओरडायचं, भूक लागली तरी ओरडायचं. तिला सांभाळणारी आत्याही 'काय गं' हे दोन शब्द जिन्यापर्यंत ऐकू जातील असे म्हणे. पोरगी उद्धट नव्हती. तिला बोलण्याची तेवढी एकच पट्टी माहीत होती. बाईंना हे सगळं पुढे कळलं, जेव्हा कळून काही उपयोग राहिला नव्हता.

तेव्हा बाईंनी एवढंच केलं, की त्या फळ्याकडे वळल्या.

पहिले काही दिवस भयंकर गेले. भोंगा आणखी मोठ्याने वाजायला लागला. ती बाकावर चढली, तिने वह्या फेकल्या, एकदा बाईंच्या पदराला धरून ओढलं. बाई लिहीत राहिल्या. मुलांनी माना वर केल्या नाहीत. एकोणचाळीस डोकी खाली आणि मधोमध ही एकटी उभी, लालबुंद, घामाघूम. दारातून मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, हे बघितलं आणि तोंडात बोटं घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन नव्या शिक्षिकांना मागच्या बाकावर आणून बसवलं. "बघा, वर्ग कसा हाताळायचा तो," त्या म्हणाल्या. बाईंना बरं वाटलं. का वाटू नये? इतक्या वर्षांत त्यांची पाठ कोणी थोपटली नव्हती.

हळूहळू ओरडणं कमी झालं. मुलगी बाकावर बसून राहू लागली. बसायची तेव्हा बाईंकडे बघायची, नुसती टक लावून. बाई तेव्हा दुसऱ्यांच्या वह्या तपासत असत. कितीदा तरी तिने वही पुढे केली असेल आणि बाई 'ठेव तिथे' म्हणून पुढे गेल्या असतील. ती ओरडली की कोणी बघत नसे आणि गप्प बसली की कोणाला तिची आठवण राहत नसे. बाकीची मुलंही एवढी तयार झाली होती, की मधल्या सुट्टीतही तिच्याकडे बघत नसत. मुलांना एखादी गोष्ट नीट शिकवली की ती कुठे थांबायचं ते आपणहून ठरवत नाहीत.

मग ती शुद्धलेखनाची तासिका आली. मुलगी विचारून बाथरूमला गेली. मुलींचं बाथरूम व्हरांड्याच्या टोकाला होतं, आतला दिवा गेलेला आणि दाराची कडी जुनी. बाई दुसरं वाक्य सांगत होत्या, तेवढ्यात व्हरांड्यातून दार बडवल्याचा आवाज आला आणि मागोमाग तो ओळखीचा भोंगा. "बाई! बाई! ओ बाई!"

मुलांनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या मनात आलं ते असं: इतके दिवस गप्प होती, आता बाहेर जाऊन सुरू केलं वाटतं. आत्ता गेले तर सगळ्या मेहनतीवर पाणी. त्या फळ्याकडे वळल्या. चाळिसातली उरलेली सगळी डोकी खाली गेली आणि पेन्सिली चालू लागल्या.

शेजारच्या वर्गात गंजका खिळा गणित सांगत होता. त्याच्याही कानावर ते पडलं, आणि तो 'भोंगा वाजला' म्हणून हसला. तिची ख्याती शाळाभर होती. बराच वेळ दार वाजत राहिलं. हाका 'बाई'वरून 'आत्या'वर गेल्या, मग नुसत्याच कसल्यातरी झाल्या आणि मग बंद पडल्या. बाईंनी हात झटकून खडूची पूड झाडली. जमलं, असं त्यांना वाटलं. अगदी हेच वाटलं.

मधल्या सुट्टीत सफाईच्या मावशी बादली घेऊन तिकडे गेल्या आणि तिथूनच त्यांनी शिपाईकाकांना हाक मारली. कडी आतून अडकली होती. दार उचकटून काढावं लागलं. मुलगी ओल्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. कडी ओढून ओढून तिची दोन नखं उलटली होती आणि फ्रॉक रक्ताने आणि लघवीने भरला होता. दार उघडलं तरी ती उठली नाही. मावशींनी उचललं तेव्हा ती त्यांच्या कडेवर लाकडासारखी ताठ राहिली.

"अहो बाई," धावत आलेल्या बाईंना मावशी म्हणाल्या, "पोर केव्हाची हाका मारत होती. मी खाली अंगण झाडत होते, मला पण ऐकू येत होतं. म्हटलं, बाई आहेत की तिथे, बघतील."

 बाई पुढे झाल्या आणि त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मुलीने हात झटकला नाही, रडलीही नाही. तिने बाईंकडे बघितलंच नाही.

त्या दिवसापासून भोंगा वाजला नाही.

शाळेला हा चमत्कारच वाटला. मोठ्या बाई म्हणाल्या, "झालं ते वाईट झालं हो. कडी बदलून घेतली मी. पण पोरगी सुधारली, हे तर तुम्ही मान्य करा." पालकसभेला वडील आले. हातांच्या रेषांत काळं ऑइल बसलेलं, कारखान्यातल्या सवयीने आवाज टिपेला. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू? घरी पण हूं की चूं करत नाही. आत्या म्हणते, घरात पोर आहे की नाही कळतच नाही!"

"अहो, ते चांगलं नाहीये," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं. तिला बोलती करायला पाहिजे."

वडील हसले. त्यांना वाटलं, बाई विनयाने बोलतायत. "चुकलं काय, कडी जुनी, त्यात तुमचा काय दोष? सोनं केलंत पोरीचं," असं म्हणून नमस्कार करून ते कामावर गेले. बाई तिथेच उभ्या राहिल्या. कोणी शिव्या घातल्या असत्या तर त्यांना हलकं वाटलं असतं. पण शिव्या घालायला कोणी तयारच नव्हतं.

घरी सासूबाई दिवसभर हाका मारत. उशी सरकव, खिडकी लाव, खिडकी उघड. बाईंनी पूर्वी कानाला सवय लावून घेतली होती की तिसऱ्या हाकेशिवाय उठायचं नाही, कारण पहिल्या दोन बहुतेक उगाचच असत. आता त्या पहिल्याच हाकेला हातातलं टाकून धावू लागल्या. एका संध्याकाळी त्यांचा पाय उंबऱ्याला ठेचकाळला तरी त्या तशाच आत गेल्या.

"काय झालं आई? काय हवंय?"

"काही नको गं. एवढी धावतेस काय? कोणी आहे का घरात, तेवढं बघत होते."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. सासूबाईंना काही समजेना. त्या म्हणाल्या, "बरं बाई, नाही मारत आता हाका." त्यावर बाई जास्तच रडल्या.

वर्गात त्यांनी होतं नव्हतं ते करून पाहिलं. पाठ फिरवणं बंद केलं. मुलीला पहिल्या बाकावर घेतलं, फळा पुसायचं काम दिलं, तिच्याशेजारी बसून तिचं वाचन घेतलं. ती ओठ हलवून वाचायची, आवाज कानाशी आल्याशिवाय ऐकू येत नसे. 'मोठ्याने वाच' म्हटलं की ती वाचायचीच थांबे. मुलांनाही बाईंनी सांगितलं, "आता तिच्याकडे बघायचं बरं का. तिच्याशी बोलायचं." मुलांनी 'हो बाई' म्हटलं आणि माना खाली घातल्या. एक चुणचुणीत पोरगी तर समजावून सांगायला उठली: "बाई, बघितलं तर ती परत सुरू करेल ना!" बाईंचेच शब्द होते ते, जसेच्या तसे.

परीक्षेच्या आधीची गोष्ट. मधल्या सुट्टीनंतर गुणाकार चालू होते. बाई आता त्या मुलीकडे वेड लागल्यासारख्या बघत असत, म्हणून त्यांच्या लक्षात आलं की ती डाव्या हाताने लिहितेय. आकडे वाकडेतिकडे, रेघेबाहेर पडलेले. उजवा हात मांडीवर होता. बाईंनी तो उचलायला बोट लावलं आणि मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. मनगटाच्या वर हात सुजून टम्म झाला होता आणि भलतीकडेच वळला होता.

"हे कधी झालं?"

मुलीने हात परत मांडीवर ओढून घेतला.

"कोणी पाहिलं का? कुठे पडली ही?"

"घसरगुंडीवरून, बाई," मागून आवाज आला. "सुट्टीत."

"तू तिथे होतास?"

"हो बाई. आम्ही सगळेच होतो."

"मग सांगितलं का नाही मला?"

तो मुलगा गोंधळला. त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं. "आम्ही बघितलं नाही ना, बाई," तो म्हणाला. स्वतःचं वागणं बरोबर होतं याची त्याला खात्री होती आणि बाई रागावल्या कशाला, हे त्याला कळत नव्हतं.

बाईंनी मुलीला उचललं. आठ वर्षांची मुलगी जड असते, पण त्यांना तेव्हा काही जाणवलं नाही. शिपाईकाकांनी रिक्षा थांबवली. वडिलांना फोन लावला, तो लेथच्या घरघराटात वाजून वाजून बंद झाला. मग आत्याला लावला, तर ती म्हणाली, "करा, करा, काय करायचं ते करा, मी निघालेच." रिक्षा प्रत्येक खड्ड्यावर उसळत होती आणि प्रत्येक वेळी मुलगी डोळे मिटून घेत होती. तोंडातून आवाज नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढून बघितला. हाड सरकलं होतं. "सुन्न करायचं इंजेक्शन दिलंय," ते म्हणाले, "पण ओढून बसवताना दुखणारच. इथे मोठी माणसंसुद्धा किंचाळतात. तुम्ही तिला जरा धरून ठेवा."

बाई तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. तिचा चांगला हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"दुखेल तेव्हा ओरड हं," त्या म्हणाल्या. "मोठ्यांदा ओरड. पूर्वी ओरडायचीस ना, तशी. कोणी रागावणार नाही."

मुलीने कितीतरी दिवसांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. यात काही डाव आहे का, ते ती शोधत असावी.

"ओरडले तर तुम्ही तोंड फिरवणार?" तिने हळूच विचारलं.

"नाही गं. नाही फिरवणार. कध्धीच नाही."

तिने त्यावर विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या पडल्या एवढा.  मग मुलीने ओठ आत दुमडून दातांखाली घट्ट धरले आणि डॉक्टरांकडे मान वळवली.

डॉक्टरांनी हात ओढला. तिची बोटं बाईंच्या तळव्यात रुतली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, गालांवरून, हनुवटीवरून, फ्रॉकवर. बाई "ओरड ना, ओरड, मी बघतेय" म्हणत राहिल्या.

"झालं, झालं," डॉक्टर प्लास्टर भिजवत म्हणाले. "शाब्बास! एक आवाज नाही. असं वळण लावणारे शिक्षक आता राहिले नाहीत हो, बाई."